कुणी विचारलं नव्हतं

ताईला पहिली फिट आली ती चर्चमध्ये, कापणीच्या उपासनेच्या दिवशी. ती तेव्हा दहावीत होती आणि मी तिसरी-चौथीत असेन. वेदीसमोर भाताच्या लोंब्या, नारळ, भोपळे, कुणीतरी पाय बांधून आणलेली जिवंत कोंबडी असं सगळं मांडलेलं होतं. ताई गायनमंडळात पुढच्या रांगेत उभी होती. दुसरं कडवं चालू असताना तिचा आवाज तुटला. मला वाटलं, ठसका लागला. मग ती उभीच्या उभी मागे कोसळली, बाकाच्या कडेवर डोकं आपटलं आणि तिचे हातपाय असे झटके देऊ लागले की मी आईच्या पदरात तोंड खुपसलं.

कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. बाबा तारखात्यात लाइनमन होते. पावसावाऱ्यात खांबावर चढणारा, हातांना घट्टे पडलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांना तिचा हात धरून ठेवता येईना. थोड्या वेळानं ती शांत झाली. डोळे उघडल्यावर तिनं आधी परकर सारखा केला आणि क्षीण आवाजात विचारलं, "गाणं पुरं झालं का?"

डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. बाहेरची बाधा नाही, कुणाच्या पापाची शिक्षा नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. विस्तवापाशी आणि पाण्यापाशी एकटीनं जायचं नाही. त्या गोळ्यांनी ताईला सतत झोप येई. एरवी एकदा वाचलं की पाठ होणारी ती, एकच पान पुन्हापुन्हा वाचत बसे. मॅट्रिक झाली, पुढे शिकली नाही. फिटा मात्र कमी झाल्या. वर्षातून एखादी, फार तर दोन.

रत्नागिरीत आमची ख्रिस्ती कुटुंबं तशी थोडीच. कुणाच्या घरी आज बांगडा शिजतोय आणि कुणाच्या घरी नुसती कुळथाची पिठी, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पण त्या रविवारानंतर ताईच्या दुखण्याचा शब्द कुणी काढला नाही. मंडळीनं न बोलताच ठरवून टाकलं होतं, मुलीच्या जातीचं आहे, बाहेर जाता कामा नये. झाकून ठेवणं हीसुद्धा माया असते, आणि ती माया आम्हाला भरपूर मिळाली.

बाबांचं मात्र खरेपणाच्या बाबतीत घरात कडक असायचं. एकदा रात्रभर तारा जोडून ते दुपारी झोपले होते, आणि चर्चचे एक पंच दारात आले. आईनं मला पुढे केलं, "सांग, बाबा घरी नाहीत." मी सांगितलं. पंच वळले तोच बाबा पंचा गुंडाळलेले, केस पिंजारलेले बाहेर आले आणि म्हणाले, "सलाम. मी आहे घरात. झोपलो होतो." पंचांना हसू आवरेना. आई दिवसभर फुरंगटून होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत 'नीतिमान' हा शब्द आला की आम्हा बहिणींना बाबांचा तो पंचा आठवायचा आणि आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायचो. नीतिमान म्हणजे कोण, असं मी एकदा ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्याला दाराआड लपावं लागत नाही तो." ती हे गमतीनं म्हणाली की खरंच, ते मला तेव्हा कळलं नाही.

ताई तेवीस-चोवीस वर्षांची झाली तेव्हा एक स्थळ आलं. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. मुलगा देशावरचा, हायस्कुलात शिक्षक, घरची माणसं देवभिरू. आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंच्या माहेरच्या ओळखीतलं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब आणि बाई आमच्या पडवीत येऊन बसले. ताई आत तांदूळ निवडत होती. मधे फक्त एक दार, तेही उघडं.

"विचारलं तर खोटं बोलू नका," बाई म्हणाल्या. "पण विचारलंच नाही, तर आपणहून कशाला सांगायचं? लग्नानंतर कितीतरी मुलींचं बरं होतं."

बाबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते कप बशीत फिरवत राहिले. "आपण प्रार्थना करू," एवढंच म्हणाले.

"मुलीचं आयुष्य आहे," आई म्हणाली. "तुमच्या तत्त्वापायी तिला जन्मभर घरात बसवणार आहात का?"

बाबा तळहातावरचे घट्टे चोळत राहिले. मग म्हणाले, "आता वर्षातून एकदाच येते म्हणा." आईनं सुटकेचा श्वास सोडला. तो होकारच होता, हे आम्हाला सगळ्यांना समजलं. ताईला कुणी काही विचारलं नाही. सुपातल्या तांदळाचा आवाज तेवढा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची थेट गाडी चुकली. ते दुसऱ्या गाडीनं हातखंब्याच्या फाट्यावर उतरले, तिथून बाबा त्यांना घेऊन आले. मुलाची आई मोठी गोड बाई होती. घाटावरचं मोकळं, ठसक्याचं बोलणं आणि खळखळून हसणं. येताना घरच्या चटणीची बरणी घेऊन आली होती. आईनं केलेली सोलकढी तिनं दोनदा मागून घेतली. ताईचं शिवण पाहिलं, तिला एक गीत म्हणायला लावलं, आणि मुलाकडे बघून म्हणाली, "पोरगी मला तरी पसंत हाय. तुझं तू बोल." मुलगा लाजला आणि मान खाली घालून हसला. तो हसला तेव्हा ताईही हसली. ते मी पाहिलं. तिला तो आवडला होता.

जेवायला आलेले पाळकसाहेब शेवटची प्रार्थना करायला उभे राहिले, तशी ताई म्हणाली, "थांबा. मला एक सांगायचं आहे."

आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही.

"मला फिट येते," ताई म्हणाली. "शाळेत होते तेव्हापासून. गोळ्या चालू आहेत. हल्ली कमी येते, पण येते. पुढे येणार नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत."

बाहेर आमच्या शेजारच्या काकी काथ्या कुटत होत्या, तो ठोका स्पष्ट ऐकू येत होता. मुलाचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याची आई खुर्चीतून उठली, ताईपाशी आली, तिच्या गालावर हात ठेवला. "बरं केलंस बाई, बोललीस ते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. जेवणं झालेलीच होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पाहुणे उन्हाचेच निघाले. पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही. त्या बाईचा मला कधी राग आला नाही. तिनं ताईला जवळ घेतलं होतं. सून करून घेणं तिला झेपलं नाही, इतकंच.

बाबा पाहुण्यांना गाडीत बसवायला गेले. भांडी घासता घासता आईचा बांध फुटला.

"तुला कुणी विचारलं होतं का? कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलं," ताई म्हणाली.

"मग का बोललीस?"

"आई, उद्या तो माणूस रात्री दचकून उठेल. मी अशी तडफडत असेन. त्याला काही ठाऊक नसेल. शुद्धीवर आले की मी त्याच्या तोंडाकडे कशी बघू? त्यानं मला चांगलं समजून नेलं, आणि मी त्याच्या घरात चोरासारखी गेले, असं रोज वाटेल मला."

"सगळ्या जगाचं असंच चाललंय."

"चालू दे. मला नाही जमणार."

आईनं राखेचा हात कपाळाला लावला. "तुझ्या पाठीवर अजून एक आहे," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "तिचा तरी विचार करायचास. आता हे घर म्हणजे फिटांचं घर झालं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. हे तिच्या मनात आलं नव्हतं. ती न्हाणीत गेली, दार लावून घेतलं, आणि पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिला रडताना कुणी ऐकू नये म्हणून ती पाणी ओतत होती. खरेपणानं वागणारी माणसं खंबीर असतात असं लोकांना वाटतं. माझी बहीण त्या दिवशी खंबीर नव्हती. ती घाबरलेली होती, तिला एक मुलगा आवडला होता आणि तो तिनं आपल्या तोंडानं घालवला होता.

बाबा परत आले, चपला काढल्या, तडक न्हाणीच्या दाराशी गेले. "बाहेर ये," म्हणाले. ती आली. बाबा तिला म्हणाले, "ते माझं काम होतं. मी केलं नाही, ते तुला करावं लागलं." ते रडत होते. मी त्यांना तसं त्याआधी पाहिलं नव्हतं. ताईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि चहा ठेवला.

आई मात्र कितीतरी आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. ती वाईट नव्हती. रोज रात्री ताईची गोळी तीच काढून ठेवायची, पाण्याचा तांब्या भरायची, तेही न बोलता. तिची एवढीच इच्छा होती की आपल्या मुलीचं घर व्हावं.

मध्ये एक बालवाडी निघाली आणि ताईला तिथे मुलांना सांभाळायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, म्हणजे वेळ आली तर मुलं घाबरू नयेत. बाई समजूतदार होत्या, त्यांनी ठेवून घेतलं. पण गोष्ट आयांच्या कानावर गेली. कुणाला वाटलं, हे लागण होणारं आहे. कुणी म्हणालं, झटक्यात पोराच्या अंगावर पडली तर? सहामाहीच्या आत तिला घरी बसावं लागलं. मुलं रस्त्यात भेटली की "बाई, बाई" करत तिच्याकडे धावायची आणि त्यांच्या आया त्यांना मागे ओढायच्या. ताई लांबूनच हात हलवायची.

शेजारच्या काकी आमच्या आईला म्हणायच्या, "अगो, पोर गुणाची आहे. पण इतकं खरं बोलून कसं व्हायचं गो?" काकींचे यजमान मुंबईला गिरणीत होते, त्या एकट्यानं दोन मुलं आणि म्हातारी सासू सांभाळत. ताईला दुपारी अंगणात फिट आली की कुंपणावरून उडी मारून पहिल्या धावत येणाऱ्या त्याच असत. पहिल्यांदा त्यांनीही कांदा आणला होता. मग ताईनंच त्यांना शिकवलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि थांबायचं.

असं करता करता ताई अठ्ठावीस वर्षांची झाली. तिच्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जाऊ लागली. ती घरी ब्लाउज शिवायची, नाताळात मुलांची गाणी बसवायची आणि पुन्हा कुणी स्थळाचा विषय काढला की उठून जायची.

मग लोट्याहून एक गृहस्थ आले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर काम करायचे. बायको वारलेली, पदरी चार-साडेचार वर्षांची मुलगी. एका शनिवारी पाळकसाहेबांबरोबर ते एकटेच आले, बरोबर ना आई ना मामा. अंगानं किडकिडीत, बोलणं थोडं. आई आतून काही बोलायच्या आत ताईच पडवीत येऊन बसली आणि चहाच्या पहिल्या घोटालाच तिनं सगळं सांगून टाकलं. आजार, गोळ्या, मोडलेलं स्थळ, बालवाडी. जणू तिला हे संपवून पुन्हा मशीनवर बसायचं होतं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी बायको ठणठणीत होती. ताप आला आणि आठवडाभरात गेली. मी कुणाकडे काय खात्री मागू?" कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "फिट आली की काय करायचं असतं? मला नीट सांगा."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगायला सुरुवात केली आणि मधेच तिला रडू आलं. स्वयंपाकघरात आईनं मला घट्ट धरलं होतं, दंडावर वळ उठले इतकं.

लग्न साधंच झालं. ताई लोट्याला गेली. वसाहतीपासून जरा अलीकडे, गावाच्या कडेला चिऱ्याच्या पाच खोल्यांची चाळ होती, त्यातली एक त्यांची. कंपनीची बस वळणावर यायची. वारा फिरला की उग्र वास यायचा आणि ताई खिडकी लावून घ्यायची. मी सुट्टीत राहायला जायची. भावजी रात्रपाळीहून आले की ती त्यांना गरम आंबोळी वाढायची आणि ते खाता खाता झोपायचे. भावजींची छोटी तिला पहिल्या दिवसापासून काही आई म्हणाली नाही. काही महिने ती 'अहो' म्हणायची, मोठ्या माणसाला म्हणावं तसं. एका सकाळी वेणी घालून घेताना 'आई' म्हणाली. ताईनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज कुजबुजता होता, मोठ्यानं बोललं तर जाईल असा.

तिथेही तिनं शेजारणींना आपलं दुखणं सांगून टाकलं होतं. एकीनं जाणं-येणं तोडलं. बाकीच्या तिघी रोज सकाळी ओढ्याला, वहाळावर, धुणं धुवायला जाताना तिला हाक मारायच्या, तिला मधे बसवायच्या. छोटीला तिनं शिकवलं होतं, आई पडली तर रडायचं नाही, पळत जाऊन काकूला बोलवायचं. एकदा मी तिथे असताना तसं झालं. ती एवढीशी पोर न रडता दोन दारं ओलांडून गेली, काकूला घेऊन आली आणि मग भिंतीला टेकून थरथरत बसली. शुद्धीवर आल्यावर ताईनं तिला कुशीत घेतलं आणि म्हणाली, "माझ्यामुळे तुला किती भ्यावं लागतं गो." त्या रात्री ती मला म्हणाली, "सांगून लग्न केलं तरी त्रास होतोच लोकांना. सांगितलं म्हणजे सुटले असं नसतं." ती समाधानी होती, पण तिनं आपल्या वागण्याचा कधी टेंभा मिरवला नाही.

तीन वर्षं अशी गेली. ती तिची वर्षं होती.

पावसाळा संपत आला होता, वहाळाला अजून पाणी होतं. जिनं जाणं-येणं तोडलं होतं तीच शेजारीण बाळंत होऊन घरी आली आणि तापानं फणफणली. तिचा नवरा आणि भावजी सकाळच्या पाळीला, छोटी शाळेत. बाकीच्या बायका धुणं उरकून आल्या होत्या आणि कुणी शेतावर, कुणी बाजाराला गेल्या होत्या. दुपट्यांचा ढीग पडला होता, बाळ ओल्यात रडत होतं. ताईनं बाळाला आपली एक जुनी साडी फाडून गुंडाळलं, त्या बाईला पेज पाजली आणि दुपटी बादलीत घालून वहाळावर गेली. एकटी.

पाणी गुडघाभरही नव्हतं. गुरं घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याला ती पालथी पडलेली दिसली. वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

पाळकसाहेबांकडे निरोप आला. ते घरी आले आणि बाबांचं नाव घेऊन नुसते उभे राहिले. आईला ते बघूनच कळलं. ती म्हणाली, "गोळी चुकवली का तिनं?" हे ती दिवसभर विचारत होती. गोळी चुकवली नव्हती. भावजींनी आल्या आल्या तेच आधी सांगितलं. त्यांनाही ठाऊक होतं की आई तेच विचारणार.

ताईला रत्नागिरीला आणून आमच्या दफनभूमीत माती दिली. ती बाळंतीण अंगात ताप असताना नवऱ्याबरोबर आली होती, बाळाला छातीशी धरून. आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकराची दुपटी होती ती. मी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हते." मला वाटलं, आई तिला दूर लोटेल. आईनं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं, बघितलं, पुन्हा नीट झाकलं. "उन्हात नको उभी राहू," म्हणाली.

भावजी बाबांशेजारी बसले होते. बाबा त्यांना म्हणाले, "तुमच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आलं." ते म्हणाले, "तिनं मला अंधारात ठेवलं नाही. मला ठाऊक होतं असं काही होऊ शकतं. ठाऊक असून मी तिला नेलं. तुम्ही मला फसवलं असं माझ्या मनात कधी येणार नाही." मग त्यांनी गुडघ्यात डोकं घातलं. ठाऊक असल्यानं त्यांचं दुःख कणभरही कमी झालेलं मला दिसलं नाही.

छोटी आमच्याकडे राहिली. पाळीवर जाणाऱ्या एकट्या माणसाला ती सांभाळणं शक्य नव्हतं. आईनं तिला आपल्याजवळ निजवायला सुरुवात केली. कुणी दुपारी जरा आडवं झालं की ती पोर हळूच येऊन नाकाखाली बोट धरायची, श्वास चालू आहे का बघायला. बाबांनाही, मलाही. आम्ही झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो आणि मुद्दाम मोठ्यानं श्वास घ्यायचो.

आईनं कितीतरी महिने चर्चला पाऊल टाकलं नाही. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुम्ही व्यासपीठावरून सांगता, नीतिमानाला देव सांभाळतो. माझी मुलगी खरं बोलली, तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. खरं बोलली, काम गेलं. जिनं तिला दूर ठेवलं तिच्या पोराची दुपटी धुवायला गेली, जीव गेला. मला सांगा, कुठे सांभाळलं?"

पाळकसाहेबांचेही केस तोवर पांढरे झाले होते. ते उत्तर देतील म्हणून मी दारात थांबले. ते म्हणाले, "त्या संध्याकाळी मी तुमच्या पडवीत बसलो होतो. तिला आत ऐकू जातंय हे मला माहीत होतं. मी 'प्रार्थना करू' म्हणालो." मग म्हणाले, "तिनं माझ्यापेक्षा चांगलं प्रवचन केलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही." आई त्यांच्यावर रागावली नाही. उलट पुढच्या रविवारी ती चर्चला गेली. कदाचित कुणीतरी 'उत्तर नाही' असं सरळ सांगितल्यानं तिला बरं वाटलं असेल.

माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा मी घाबरले होते. पहिलंच स्थळ मुंबईचं होतं. पाहुणे बसले, चहा झाला, आणि बाबा घसा खाकरून बोलणार तोच आई म्हणाली, "आमच्या मोठ्या मुलीला फिटा यायच्या. त्यातच ती गेली. धाकटीला काही नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं." तिनं हे ताठ बसून सांगितलं. ते स्थळ पुढे सरकलं नाही. त्यानंतरची दोन-तीनही नाहीत. पुढे जे माझे यजमान झाले, त्यांच्या घरच्यांनी ऐकलं, आपसांत बोलले, आणि दुसऱ्या महिन्यात होकार कळवला. दरवेळी सांगितलं ते आईनंच. बाबांना तिनं तोंड उघडू दिलं नाही.

माझं लग्न झालं त्याच वर्षी भावजींनी पुन्हा लग्न केलं. ते विचारायला आले होते, मान खाली घालून, जणू परवानगी मागायला. आई म्हणाली, "करा. पोरीला घर हवं." नवी बाई भावजींसारखीच अबोल होती. छोटीला न्यायला दोघं आली तेव्हा मी माहेरी होते. आईनं त्या बाईला आत नेलं, छोटीच्या फ्रॉकांची घडी तिच्या हातात दिली आणि सांगू लागली: तिला भाकरी कडक आवडते, केस विंचरताना ओढू नये, पावसात कान दुखतो. आणि दुपारी तुम्ही झोपलात तर ती जवळ येईल, नाकाशी बोट धरेल. रागावू नका, हलूही नका. तिच्या बोटाला श्वास लागू द्या.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि वाकून आईला सलाम केला.

छोटी निघताना रडली नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत बाबा रस्त्यावर उभे होते. घरी आल्यावर आई पडवीतल्या बाकावर आडवी झाली. तिन्हीसांजेची वेळ होती, अशा वेळी ती कधी निजत नसे. मी तिच्या पायाशी बसले. शेजारच्या काकी कुंपणावरून डोकावल्या, काही विचारणार होत्या, पण विचारलं नाही. दोन भाकऱ्या आणि थोडं सुकट वाटीत घालून ठेवून गेल्या. बाबांनी दिवा लावला आणि प्रार्थनेला बसले. सुरुवातीचे शब्द त्यांना सापडेनात. मग आईच पडल्या पडल्या, डोळे न उघडता, म्हणाली, "प्रभू, पोरीला सांभाळ." बाबा 'आमेन' म्हणाले. मी काकींच्या भाकऱ्या वाढल्या आणि आम्ही जेवायला बसलो.